निळ्या खोलीची घंटा

स्केलविक हॉल. घराचं तिकीट वेगळं, बागेचं वेगळं;
दोन्ही मिळून घेतलं तर दीड पौंड वाचतो.
आम्ही वाचवला.

प्रत्येक खुर्चीच्या मऊ गादीवर
एकेक वाळलेलं काटेरी बोंड.
बसू नका, असं कुठेच लिहिलेलं नाही.
इथली माणसं नाही म्हणतात तीसुद्धा
अशी, काहीतरी शोभेचं मांडून.

दिवाणखान्यात पडदे अर्धे ओढलेले.
एडगर थ्वेट, निवृत्त बसचालक, गळ्यात ओळखपत्र,
उजेड मोजायचं यंत्र खिशातून काढून दाखवतो.
"वर्षाला एवढाच उजेड सोसतो हा गालिचा.
हिवाळ्यात आम्ही त्याला झोपवतो."
हे तो हलक्या आवाजात सांगतो,
घरातल्या आजारी माणसाबद्दल सांगावं तसं.
लोकरीच्या गिरण्यांवर उठलेलं घर.
बत्तीस खोल्या, एकोणीस नोकर,
आणि एक मालकीणबाई, जिला स्वयंपाकघर कुठल्या अंगाला आहे
हे लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं,
तेही तिथे आग लागली म्हणून.

खिडकीबाहेर हिरवळ. मेंढ्या थेट गुलाबांत शिरल्यासारख्या.
मध्ये खोल चर आहे, दगडी भिंतीचा, इथून न दिसणारा.
त्याला हाहा म्हणतात.
आणि हा हा म्हणता खरंच नाहीशी होते भिंत:
घराला वाटतं, सगळं रान आपलंच.
मेंढ्यांना काय ते पक्कं ठाऊक.

तसाच एक बोगदा, माळ्यांसाठी.
भाजीच्या टोपल्या घेऊन ते जमिनीखालून यायचे,
चहाच्या वेळी कुणाच्या नजरेत
घामेजलेली टोपी येऊ नये म्हणून.
आता आत दिवे लावलेत. मुलं ओरडून प्रतिध्वनी ऐकतात.

बोगद्याच्या तोंडाशी विटांची उंच भिंत,
तिच्यावर हात ताणून बांधलेलं नासपतीचं झाड,
सव्वाशे वर्षं त्याच पवित्र्यात.
प्रत्येक फांदीला शिशाची बारकी पट्टी, तिच्यावर आकडा.
माळ्याचं नाव कुठे आहे, मी विचारलं.
तण काढणारी मुलगी गुडघ्यांवरूनच हसली:
"त्याचा पगार वहीत आहे."

मग खाली, जुन्या स्वयंपाकघरात चहा.
भिंतीवर घंटांची रांग, प्रत्येकीखाली खोलीची पाटी.
शेजारच्या टेबलाशी विनिफ्रेड ऑडी, वय एक्क्याण्णव,
नातसुनेबरोबर आलेली,
स्कोन मधोमध कापत होती.

आणि वर कुठेतरी, कुणाच्या तरी पोराने
मनाई ओलांडून
भिंतीशी लोंबणारा गोंडा ओढला.

तार कुरकुरली. धूळ झडली.
घंटा वाजली.
सगळ्यांच्या माना वर; कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या.
थ्वेट जिन्यावरून धावत आला, चेहरा पांढराफटक.

विनिफ्रेडने मान वळवली नाही.
"निळी खोली," ती म्हणाली.
पाटी वाचायला तिला चष्मा लागला असता;
तो पर्समध्ये होता.
"तीन जिने. मी चौदाची.
एकदा नुसती खिडकी लावायला बोलावलं होतं,
खिडकीशीच बसलेल्या बाईंनी."

नातसून काहीतरी बोलणार होती.
घंटा अजून डुलत होती, आवाज संपल्यावरही.
"मुद्दाम तशी केलीय," थ्वेट धापा टाकत, सवयीने,
"नोकर उशिरा पोचला तरी दिसावं, कुठली वाजली ते."

वरच्या पोराला गंमत वाटली असावी.
पुन्हा वाजली.

"वाजू दे," विनिफ्रेड म्हणाली,
आणि स्कोनवर मुरंबा लावला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश,
मग त्यावर साय.

टेबलाखाली तिचा एक पाय मात्र
चवड्यावर होता,
टाच उचललेली.